मिरीचं विमान

एक होती चिचुंद्री. नाव तिचं मिरी. अंग एवढुस्सं. नाक लांब लांब. आणि राग? नाकाच्या शेंड्यावर!

डोंगरापलीकडे मिरीच्या दादाला बाळ झालं. आज संध्याकाळी बारसं. बाळाच्या कानात कुर्र कोण करणार? आत्या! आत्या कोण? मिरी! आत्या नाही, तर नाव नाही.

मिरीने मोबाईल उघडला. विमान शोधलं. हे महाग. ते महाग. अन् हे बघा! एका शेंगदाण्यात विमान! मिरीने बोट लावलं. टिक! मोबाईलने शेंगदाणा घेतला. गट्टम! आणि तिकीट? तिकीट नाहीच. नुसतं गोल फिरतंय. गर्रर्र गर्रर्र!

मिरी भडकली. "ए मोबाईल! शेंगदाणा खाल्लास ना? दे माझं तिकीट!"

"आधी टॉवरला रेंज देऊ दे. मग मी देईन."

मिरी निघाली. तुरू तुरू तुरू.

"टॉवरदादा, टॉवरदादा,
मोबाईल तिकीट देईना,
माझा भाचा नावाविना!
दे की रेंज!"

"आधी वीज येऊ दे. मग मी देईन."

"एवढा उंच, अन् काही उपयोग नाही!" मिरी गेली. तुरू तुरू तुरू.

"वीजबाई, वीजबाई,
टॉवर रेंज देईना,
मोबाईल तिकीट देईना,
माझा भाचा नावाविना!
जा की टॉवरात!"

"खांबावर वेल चढलाय. आधी शेळीला वेल खाऊ दे. मग मी जाईन."

"नखरे बघा हिचे!" मिरीने पाय आपटला. तुरू तुरू तुरू.

"शेळीबाई, शेळीबाई,
वीज टॉवरात जाईना,
टॉवर रेंज देईना,
मोबाईल तिकीट देईना,
माझा भाचा नावाविना!
खा की वेल!"

"गळ्यात दोरी आहे ना! आधी काकूंना सोडू दे. मग मी खाईन."

अंगणात गोदाकाकू. शेळी त्यांचीच. डोळे मोबाईलमध्ये.

"काकू, काकू,
शेळी वेल खाईना,
वीज टॉवरात जाईना,
टॉवर रेंज देईना,
मोबाईल तिकीट देईना,
माझा भाचा नावाविना!
सोडा की शेळी!"

काकू मान वर करीनात. "थांब गं बाई! मी पण विमान शोधतेय. अजून स्वस्त मिळतं का बघते. आधी मोबाईल चालू दे. मग मी सोडीन."

काय? परत मोबाईल?

मिरीचं नाक लाल. शेपटी ताठ. "बास्स! जो तो आपला आधी, आधी! आता आधी मी!"

मिरीने दोरी धरली. कुरूम कुरूम कुरूम! दोरी तुटली. फट्!

शेळी सुटली. शेळीने वेल खाल्ला. चरचर चरचर! वीज टॉवरात गेली. झूंऽऽ! टॉवरने रेंज दिली. पीं पीं! मोबाईलने तिकीट दिलं. टिंग!

आणि काकू? "अगं बाई, माझी शेळी!" काकू पळाल्या शेळीमागे.

विमान उडालं. सूंऽऽऽ! मिरी पोचली. पाळणा सजलेला. सगळे वाट बघत होते.

"कुठे होतीस गं?" वहिनी म्हणाली.

"आधी नाव. मग सांगते!"

मिरी वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र! लवंग्या!"

आत्याच्या पाठीत धपाटे बसले. धप धप धप! मिरी रागावली? छे! मिरी हसली. फिस्स!

रागावला लवंग्या. नाक लाल. शेपटी ताठ. "ट्यँऽऽहँ!"

भाचा कोणाचा? मिरीचा!