मान वर न करणारी बोट

खारवली बंदराला बचावबोट हवी होती, आणि ती घ्यायची की नाही हे समितीचे अध्यक्ष आबासाहेब धुमाळ ठरवणार होते. बोट बांधणारी इंजिनिअर सुलभा खवणेकर चाचणीफेरीसाठी स्वतः सुकाणूवर उभी राहिली. आबासाहेब तीन धिप्पाड सदस्यांना घेऊन थेट पुढच्या टोकाला बसले. मानाची जागा पुढचीच!

वेग वाढताच बोटीने नाक पाण्यात खुपसलं आणि ती डावी-उजवीकडे भरकटू लागली. सुलभाने मागच्या दोन्ही इंजिनांचा झुकाव बदलून पाहिला. इंजिनं ठणठणीत होती. दोष कुठे बसलाय, ते तिला कळलं.

"साहेब, जरा मागे बसता का?"

"मी मागे? बोटच नालायक आहे. नापास!"

सुलभा हसली. "बोट चांगल्या वळणाची आहे, साहेब. एवढा मोठा माणूस समोर बसल्यावर ती मान वर कशी करेल?"

सदस्य खुदकन हसले. रागवावं की अभिमानाने फुगावं, आबासाहेबांना कळेना. शेवटी फुगूनच ते उठले आणि सगळ्यांना घेऊन मागच्या बाकावर बसले. सुलभाने वेग दिला. बोटीचं नाक वर आलं आणि ती सरळ रेषेत सुटली.

धक्क्यावर उतरताना आबासाहेब ऐटीत म्हणाले, "बोट पास! माणसं ओळखते."