ओळखीची खिंड

सावरी घाटाच्या माथ्यावर रस्त्याच्या दोन अंगांना दगडी खांब उभे आहेत. त्यांच्यावरच्या खाचा साखळीने पडलेल्या. साखळी कधीच गेली, पण बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक अजून इथे गाडी थांबवते, पाहुण्यांना त्याचे नवल वाटते.

हा घाट विसाशेट वाण्याने बांधला, असे सांगतात. दरबारची तिजोरी रिकामी होती म्हणे. सनद मिळाली: पदरच्या पैशाने रस्ता करा आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून पट्टी घेऊन खर्च वसूल करा. शेटने पेठेतले व्यापारी भागीदार करून घेतले, डोंगर फोडला, माथ्यावर साखळी लावली. रस्ता देखणा झाला, पण पैसा जमेना. जो तो चौकीवर सांगायचा, मी शेटचा मेहुणा, मी शेटचा साडू. भागीदार कुरकुरू लागले, तेव्हा शेटने देवीचा भंडारा उचलून शपथ घेतली. "पट्टीवाचून आता माझ्या रक्ताचं माणूससुद्धा सुटणार नाही."

त्याची एकुलती लेक मैना कोकणात दिलेली. पहिलटकरीण. ती अमावास्येनंतर यायची होती, पण आधीच निघाली आणि घाटातच कळा सुरू झाल्या. सामानाची गाडी मागे राहिली, पैसे तिच्यात. चौकीदाराने पेठेत माणूस धाडला.

"शेट, एक बाई अडलीय. म्हनते, मी शेटची लेक."

भागीदार एकमेकांकडे बघून हसले. ते हसू शेटला झोंबले.

"मेहुणे झाले, साडू झाले, आज लेक निघाली का! पट्टी घ्या, मग सोडा."

संध्याकाळी तो चौकीवर गेला. गाडीतले लुगडे त्यानेच घेऊन दिलेले होते. मैना गेली होती. बाळही.

शेटने स्वतःच्या हाताने साखळी सोडून दरीत टाकली. घरदार विकून भागीदारांना मोकळे केले आणि खिंडीतच बसून राहिला. येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायचा, "कोणाची गं तू?" ती सांगेल ते नाव ऐकून म्हणायचा, "ओळखलं, बाई. जा." ज्या दिवशी म्हणायला हवे होते, त्या दिवशी मात्र बिचाऱ्याने मानही वर केली नव्हती.

आजही खाली टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागते, पट्टी मशीन कापते. माथ्यावर मात्र लेक काच खाली करून सांगते, "मी अमक्याची लेक." सोबतच्याने, कोणी नसेल तर ड्रायव्हरने, "ओळखलं, बाई. जा," म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही. आणायला बापच गेला असेल, तर त्याला खाली उतरून म्हणावे लागते. इतकीशी गोष्ट, पण एकाही बापाच्या तोंडून ती धड निघालेली आम्ही ऐकली नाही.