अनुभवाचा दाखला

“बरं, ब्लॉकच्या खाली वाळू किती घालायची?”

“तीस मिलिमीटर,” संग्राम म्हणाला. “आणखी विचारा, नाना.”

इराप्पा नाना गुडघ्यांवर बसले होते. मठाच्या अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवायचं काम चाललं होतं. नानांची चाळीस वर्षं याच कामात गेलेली, गुडघ्यांना घट्टे पडलेले, बोलणं मोजकं. बसवलेल्या ओळीवर बसून ते पुढची ओळ लावत होते. हे काम तसंच करतात.

संग्राम देवकते तीन वर्षं त्यांच्याच हाताखाली होता. आता त्याला कंत्राटदाराचं लायसन हवं होतं. परीक्षा पुढच्या आठवड्यात, पण अर्जाची मुदत आज पाचला संपत होती. अर्जासोबत अनुभवाचा दाखला लागतो, आणि त्यावर नानांची सही. आज चुकलं की वर्ष गेलं.

सहा महिने क्लास लावून त्याने अख्खा प्रश्नसंच तोंडपाठ केला होता. आणि केलं ते चार माणसांना दिसावं अशी हौसही होती. असते एकेकाला.

फाटकातून तो तडक आत आला, डोळे पुस्तकात. अंगणाच्या मधोमध पोचला तेवढ्यात नानांनी प्रश्न टाकला, म्हणून तिथंच उभा राहिला.

नानांनी उतार विचारला. त्याने सांगितला. कडेचे दगड आधी का लावायचे, ते विचारलं. तेही सांगितलं, वर पान नंबरही सांगितला. ओट्यावर बसलेले दोन म्हातारे माना डोलवायला लागले. गडी भलताच खुलला.

“वाळू पट्टीने ओढून सारखी केली. मग?”

“मग तिच्यावर कुणी पाय द्यायचा नाही. पाय पडला की पुढे तिथला ब्लॉक खचतो, पाणी साचतं.”

“शाबास.”

नानांनी हातातला ब्लॉक खाली ठेवला आणि नुसते बघत राहिले... त्याच्या तोंडाकडे नव्हे.

संग्रामने खाली पाहिलं.

नानांनी सकाळभर खपून ओढलेली वाळू. तिच्यावर फाटकापासून त्याच्या बुटांचे ठसे आले होते, आणि ते जिथे संपत होते तिथे तो उभा होता.

त्याला लाज वाटली, फार वाटली. नाना समोर दहा-बारा हातांवर, मागे फाटकही तेवढंच लांब. त्याने एक पाय उचलला, आणि होता तिथेच परत ठेवला.

ओट्यावरच्या एकाने साडेतीन वाजल्याचं सांगितलं. अर्ज द्यायची कचेरी तालुक्याला, एसटीने तासाभराची वाट.

“नाना, सही...”

“करतो की. आण इकडं कागद.”

संग्राम हलला नाही.

...

“नाना, मी आता काय करू?”

नानांनी ब्लॉक उचलला, ओळीला लावला, हातोडीने दोनदा ठोकला.

“थांब तिथंच. दिवस मावळेस्तोवर ब्लॉक येतील तुझ्यापर्यंत.”