शेळीमागून आलेलं झाड

बांधावर झाडं लावा, माती अडवा आणि सरकारी अनुदान घ्या, अशी योजना आली. सगुणाबाईनं उन्हाळाभर डोक्यावरून घागरी वाहून कडुलिंबाची रोपं जगवली. शेजारच्या रंगराव पाटलांनी मात्र तपासणीच्या आदल्या दिवशी लिंबाच्या फांद्या तोडून बांधावर ओळीनं खोचल्या. सगुणाबाईनं ते बघितलं होतं, पण पाटलांविरुद्ध तिचं ऐकणार कोण?

तपासणीला साहेब आले, पाटलांकडे चहा प्याले आणि ती हिरवीगार रांग बघून खूश झाले. पाटलांसोबत सगुणाबाईच्या बांधावर येताच त्यांनी नाक मुरडलं.

"बाई, गुडघ्याएवढी रोपं ही! झाड कसं कमरेच्या वर पाहिजे. तुमचं अनुदान नामंजूर."

तेवढ्यात सगुणाबाईच्या शेळीनं साहेबांच्या फायलीला तोंड लावलं.

"अगं, आधी ती शेळी बांध कुठंतरी!" पाटील खेकसले.

"बांधते की," म्हणत तिनं शेळी नेऊन पाटलांच्याच सगळ्यात उंच झाडाला बांधली. मग आपल्या बांधावर परत येऊन तिनं ओच्यातल्या बाभळीच्या शेंगा खुळखुळवल्या. आवाज ऐकताच शेळी उधळली आणि झाडाला फरफटत घेऊन थेट मालकिणीपाशी येऊन थांबली.

पाटलांचा चेहरा पडला. साहेब आ वासून बघत राहिले.

सगुणाबाई शेळीला शेंगा चारत म्हणाली, "साहेब, कमरेच्या वरचं झाड पाहिजे होतं ना? चालत आलंय माझ्या बांधावर. घ्या मोजून!"