काबरीचं मऊ घर

कोंबड्या आपली घरं स्वतः निवडायच्या, त्या काळातली ही गोष्ट. काबरी कोंबडीला पहिल्यांदाच पिल्लं झाली होती. घरं दोनच रिकामी होती: बांबूच्या कामट्यांचं खुराडं आणि आडवं पडलेलं प्लास्टिकचं पिंप.

"माझ्यात फट नाही की भेग नाही," पिंप म्हणालं. "धुतलंस की झालं."

"अहो, पण बाळं घसरतील, गारठतील! बाकीच्या आया काय म्हणतील मला?"

काबरीने खुराडं घेतलं आणि आतून गोणपाट लावलं. थोड्याच दिवसांत पिल्लं मलूल झाली, सारखी अंग खाजवू लागली. काबरीला वाटलं, आपलीच ऊब कमी पडतेय. तिने आणखी एक गोणपाट लावलं. मग त्यावर आणखी एक.

एका सकाळी धाकटीची मान लुळी पडली, डोळे मिटले. तिला उचलताना काबरीच्या नखात गोणपाट अडकून निघालं आणि ती किंचाळलीच. कामट्यांच्या सांध्यासांध्यांत खसखशीएवढ्या लाल पिसवा वळवळत होत्या! तिने एक चिरडली. चोचीला रक्त लागलं.

"अगं बाई, हे माझ्या लेकरांचं रक्त! मग मी ऊब देत होते ती कुणाला?"

"तू फटी झाकत गेलीस," खुराडं पुटपुटलं, "आणि त्या आत वाढत गेल्या."

काबरीने पिल्लांना राखेत लोळवलं आणि थेट पिंपात नेलं. दुपारी धाकटीने डोळे उघडले.

"आई, इथे काहीच मऊ नाही गं."

"नसू दे," काबरी म्हणाली आणि पिंपाची गुळगुळीत भिंत तिने पुन्हा एकदा चोचीने चाचपून पाहिली.