दाण्याएवढं अंतर

त्या राज्यात सगळं चालणं वासावर होतं. पुढची मुंगी जमिनीवर वास सोडत जाई, मागची तो हुंगत जाई, आणि दोघींमध्ये दाण्याएवढं अंतर हवं असा नियम होता. डोळ्यांनी कोणालाच फारसं दिसत नसे, पण त्याला कोणी व्यंग म्हणत नसे. शाळाही रांगेच्या टोकाला, शेवग्याच्या मुळाशी भरे.

गोजरा मुंगीच्या राईला जन्मापासून वास येत नव्हता. बाकी पोर तल्लख. पुढचीचा मागचा पाय धरला की कुठेही बिनचूक जाई. तेवढा पाय धरू द्यावा, एवढंच गोजराचं मागणं. त्यासाठी तिने गंधनीसांच्या कचेरीत किती हेलपाटे घातले, ते तिच्या सहा पायांनाच ठाऊक.

रांगेचा कारभार पाहणारे हे गंधनीस स्वभावाने वाईट नव्हते. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं.

"मुलीला वास येत नाही असा दाखला आणा, बाई. लगेच परवानगी देतो."

"दाखला कोण देतं?"

"मीच. पण मुलीने वासाच्या वाटेने एकटीने इथवर यायला हवं."

"आली तर?"

"मग वास येतो असंच लिहावं लागेल."

"आणि नाही आली तर?"

"गैरहजर."

गोजराने कपाळाला हात लावला. एव्हाना राईच्या बरोबरीची पोरं साखर आणि मीठ वेगळं ओळखायला शिकली होती. राई दारात बसून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकायची.

शाळेत नाव घालायच्या शेवटच्या दिवशी गंधनीस स्वतः तपासणीला निघाले. वाटेच्या कडेला गोजरा लेकीला घेऊन उभी होती.

"पुढच्या वर्षी बघू, बाई," ते मायेने म्हणाले.

गोजराचं डोकंच फिरलं. गंधनीसांच्या पुढे चाललेल्या मुंगीचा मागचा पाय तिने राईच्या हाती दिला, आणि स्वतः वाटेत बसून साही पायांनी जमीन खसाखसा घासून काढली.

"आता हुंगा," ती म्हणाली.

रांग थबकली. कोणी डावीकडे हुंगलं, कोणी उजवीकडे. मागची पोरं रडू लागली. राई मात्र पाय धरून निघाली होती.

थोड्या वेळाने रांग शेवग्याकडे सरकू लागली. दोघींमध्ये आता धुळीचा कणही मावत नव्हता. गंधनीसांनी राईचा मागचा पाय घट्ट धरला होता, आणि ते मागच्यांना पुन्हा पुन्हा बजावत होते, "पाय सोडू नका."