गोफणवाली धुरपा आणि पाखरू झालेली येसू

एकदा काय झालं... सुभ्या, आधी तुझा गार पाय माझ्या पोटावरून काढ, मग सांगते. हां.

तर एकदा काय झालं, एका डोंगराच्या पायथ्याला धुरपा नावाची बाई राहायची. तिला लेक एकच, येसू. आणि विद्याही एकच, गोफण. घरामागं जोंधळ्याचं शेत. धुरपा मचाणावर उभी राहिली की उडतं पाखरू खाली पाडायची. पाखरू दिसलं की हात आपोआप वर आणि तोंडातून "हाऽऽड!" चिमणी कोण, साळुंकी कोण, तिला काही ठाऊक नाही. तिच्या लेखी सगळी मेली चोरटी.

येसू अगदी उलटी. मान वाकडी करून तासन्‌तास पाखरं बघायची. तुझ्यासारखीच गं मंगे, कामाच्या नावानं शून्य.

मग जोंधळा भरला. दिवेलागण झाली होती, दोघी उंबऱ्यात उभ्या होत्या. शेतात थवा उतरला. धुरपानं गोफण उचलली, तर येसूनं तिचा हात धरला.

"आई, खाऊ दे की चार दाणे. किती लांबून आलीत गं."

धुरपा तापली. "एवढा पुळका आलाय, तर जा, तूच पाखरू हो!"

आता दिवेलागणीला वाईट बोलायचं नसतं, बरं का. घराची वास्तू तेव्हा कान देऊन बसलेली असते. ऐकेल त्याला तथास्तु म्हणते, बिचारीला दुसरा उद्योगच नाही. म्हणाली, "तथास्तु!"

झालं. येसूच्या हातांना पिसं फुटली, पाय काडीएवढे झाले, आणि भुर्रकन गेली.

धुरपानं उंबऱ्यावर डोकं आपटलं. मग वास्तू म्हणाली, "बाई, माझं बोलणं मला मागं घेता येत नाही. पण तुझी लेक तीनदा अंगणात येईल. हिवाळ्यात, उन्हाळ्यात, पावसाळ्यात. दर वेळी निराळं पाखरू होऊन. तू ओळखायचं आणि नावानं हाक मारायची. तीनदा चुकलीस, तर ती कायमची पाखरू."

मग काय, जन्मभर पाखरं हाकलणारी धुरपा पाखरं बघायला बसली. शेजारची गुंफाबाई कुंपणावरून म्हणायची, "काय गं धुरपे, सोयरीक जुळवतेस का पाखरांची?" धुरपाची नजर पाखरांवरून हलायची नाही.

थंडी पडली. परीट पाखरं आली. शेपूट अशी खालीवर, जशी धुणंच आपटतायत. एक परीट तुळशीपाशी आला आणि मान वाकडी करून बघायला लागला. तीच! येसूच! धुरपाच्या मनाला कळलं, पण हाताला कुठं कळतंय? कमरेची गोफण फिरली, दगड सुटला. पाखराच्या पायाला लागला. लंगडत उडालं, गेलं.

धुरपानं गोफण चुलीत घातली. जळेपर्यंत बघत बसली.

मग ऊन तापलं. धुरपानं बाजेवर कुरडया वाळत टाकल्या आणि शेजारी मातीच्या पसरट परळात पाणी ठेवलं. दुपारी एक साळुंकी आली. लंगडी. चोच उघडी, घशाला कोरड. पाण्याकडं जाता जाता कुरडईवर बसली आणि मान वाकडी केली. धुरपानं "ये" म्हणायला तोंड उघडलं, तर बाहेर काय पडलं? "हाऽऽड!" कुरडईवर पाखरू म्हटल्यावर कुठल्या बाईच्या तोंडून दुसरं निघतं, सांगा बरं! साळुंकी तशीच तहानेली गेली.

त्या दिवशी धुरपा जेवली नाही. तिनं फडकं घेतलं आणि स्वतःचं तोंड करकचून बांधलं. परत "हाड" नाही म्हणायचं. उठता बसता फडकं. गुंफाबाईसुद्धा थट्टा करायची थांबली.

पावसाळा आला. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींचे खोपे झुलायला लागले. धुरपानं दाराला जोंधळ्याची कणसं बांधली. एक दिवस धो धो पावसात भिजलेली सुगरण वळचणीला आली. लंगडी. धुरपा हललीसुद्धा नाही. सुगरण काकडत होती, भुकेली होती, कणसापर्यंत जायचं तिला धाडस होईना. मग धुरपानं हळूच हात वर केला. कणीस काढून द्यायला, बरं का. दाणे द्यायला! पण पाखराला काय ठाऊक? आईचा हात वर म्हणजे दगड. भ्यालं, आणि उडालं. धुरपा ओरडली, "येसू! येसू!" पण तोंडाला फडकं. हाक आतल्या आत राहिली.

तिन्ही वेळा संपल्या. आता रडायलाही काही उरलं नाही. धुरपा दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली. मग फडकं सोडलं आणि म्हणाली, "धुरपे, तूही पाखरू हो."

वास्तू गप्प. पहिल्यांदाच गप्प. मग म्हणाली, "बाई, परत माणूस नाही करता येणार हं मला."

"म्हण गं बाई तू."

"तथास्तु."

भिजत भिजत एक म्हातारी सुगरण बाभळीवर गेली. खोप्यातून लंगडीनं मान वाकडी करून बघितलं. डोळे आईचेच. पण हात नव्हते. मग भ्यायचं कशाला? येसू सरकली, आईला आत जागा दिली.

पुढं शेतात दुसरी राखणदारीण आली. तिची गोफण वाजली की म्हातारं पाखरू दचकतं आणि लेकीवर पंख धरतं. पण घराघरांच्या दाराला कणसं असतात ना? गुंफाबाईनं बांधायला सुरुवात केली, तेव्हापासून. दोघी तिथं पोटभर खातात, खोप्यात झुलतात. झुलेनात का बापड्या.

आणि आपल्या दाराशी लंगडं पाखरू आलं, तर हात वर करायचा नाही. कळलं का, मंगे?

चला, मिटा डोळे. दिवेलागण कधीच होऊन गेली, म्हणून वाचलात. नाहीतर तुमचा हा धिंगाणा बघून मी तुम्हाला काय व्हा म्हणाले असते, ते वास्तूनं ऐकलं असतं तर उद्या सकाळी सगळ्यांना शेपट्या असत्या. निजा.